त्वचा, केस, नखं: डॉक्टरांना कसं सांगायचं, केसपेपरवरचं कसं वाचायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं त्वचेचे रुग्ण तपासते आहे. पावसात रस्ता खचला, एसटी बंद पडली की विचारपूस फोनवरच चालते आणि शब्दांची अडचण तिथे कळते. पलीकडून आवाज येतो, "डॉक्टर, गजकर्ण झालंय." मी विचारते, दिसतं कसं? मग शांतता. नाव आधीच ठरल्यामुळे कुणी नीट पाहिलेलंच नसतं. खालचे प्रश्न लोक पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरांत माझा एकच हट्ट आहे: आजाराचं नाव आम्हाला ठरवू द्या, तुम्ही रूप सांगा. त्यासाठी लागणारे बहुतेक शब्द मराठीत कधीचेच आहेत.

१. फोनवर सांगताना सुरुवात कुठून करू?

जागेपासून. "पायावर" म्हणू नका. "उजव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात" म्हणा. मग आकार: मोहरीएवढं, मुगाएवढं, रुपयाच्या नाण्याएवढं, तळहाताएवढं. मग स्पर्श: सपाट आहे की वर आलंय, मऊ की टणक, गरम की नाही. मग वरचा थर: कोरडा, ओला, खपलीचा, की कोंडा सुटणारा. शेवटी वेळ: कधी दिसलं, वाढतंय की सरकतंय, आधी असं कधी झालं होतं का. खाज, आग, ठणका आणि बधिरपणा या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतलं नेमकं काय, तेही सांगा. आणि त्यावर काय लावलं ते लपवू नका, हळद असो की शेजारणीने दिलेली ट्यूब.

२. डाग, चट्टा, पुरळ, गाठ हे सगळं एकच ना?

नाही. डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला काही कळलं नाही, फक्त डोळ्याला रंग वेगळा दिसला, तर तो डाग. छोट्या डागाला केसपेपरवर मॅक्युल लिहितात, मोठ्याला पॅच. बोटाला उंचवटा लागला आणि तो डाळीच्या दाण्याएवढा असला तर पॅप्युल. आपण त्याला पुळी म्हणतो. उंचवटा पसरट असेल, पठारासारखा, तर प्लाक. मराठीत त्याला चट्टा म्हणायला हरकत नाही, फक्त "उंच चट्टा" म्हणा, कारण लोक सपाट डागालाही चट्टाच म्हणतात. वरून फारसं दिसत नाही पण दाबल्यावर आत सुपारीसारखं काही लागतं, ती गाठ, म्हणजे नोड्यूल.

पुरळ किंवा रॅश हा समूहाचा शब्द आहे. त्याने "बरंच काही उठलंय" एवढंच कळतं. कांजिण्यांचं पुरळ आणि घामोळ्याचं पुरळ दोन्ही पुरळच, म्हणून त्यातला एक दाणा कसा दिसतो ते वेगळं सांगावं लागतं.

लहान-मोठ्याची रेघ काही पुस्तकं अर्ध्या सेंटिमीटरवर ओढतात, काही एकावर. त्यामुळे एकाच चट्ट्याला एका डॉक्टरने पॅप्युल आणि दुसऱ्याने प्लाक लिहिलं तर घाबरू नका.

३. फोड म्हणजे नक्की काय? पाण्याचा, पुवाचा, गळू, केस्तूड?

आत काय आहे त्यावर शब्द ठरतो. स्वच्छ पाणी असलेला छोटा फोड म्हणजे व्हेसिकल, भाजल्यावर येतो तसा मोठा म्हणजे बुला. पू असेल तर पश्च्यूल, आपली पुटकुळी. केसाच्या मुळाशी खोलवर पू धरून ठणकणारं ते केस्तूड, म्हणजे फ्युरंकल. त्याहून खोल, पुवाची थैली तयार झालेलं ते गळू, म्हणजे ॲबसेस.

फोड फुटलेला असेल तर "फुटलाय" हे आवर्जून सांगा. काही आजारांत फोड इतके नाजूक असतात की रुग्ण येतो तेव्हा एकही शाबूत नसतो, नुसत्या ओल्या जखमा दिसतात. अंगावर आणि तोंडात अशा जखमा होत असतील तर तो पेम्फिगस, फोडांचा एक गंभीर आजार, असू शकतो. त्यात घरगुती उपायांवर दिवस घालवू नका.

४. खपली, कोंडा, पापुद्रा, भेग, व्रण यांत फरक काय? आणि वण कधी राहतो?

कोंडा आणि पापुद्रा म्हणजे सुटत असलेली कोरडी कातडी, स्केल. खपली म्हणजे वाळलेलं पाणी, पू किंवा रक्त, क्रस्ट. लहान मुलांच्या नाकाखाली मधासारखी पिवळी खपली दिसली की ती बहुधा जंतुसंसर्गाची, इम्पेटिगोची असते. ओरखडा खाजवल्याचा, भेग टाचेची, आणि कातडी पूर्ण जाडीने गेलेली उघडी जखम म्हणजे व्रण, अल्सर.

वण हा वेगळा. व्रण चालू असतो, वण मागे उरतो. त्वचेचा वरचा थर, एपिडर्मिस, साधारण ४ आठवड्यांत नवा होतो. जखम तेवढ्यापुरतीच असेल तर वण राहत नाही, काही महिने काळपट डाग तेवढा राहतो. जखम खालच्या थरात, डर्मिसमध्ये गेली की वण आलाच. देवीचे खड्डे असलेले चेहरे तुमच्या आजी-आजोबांनी पाहिले असतील, ते वण होते.

वर्षानुवर्षं खाजवून कातडी जाड, काळी आणि रेघारेघांची झाली असेल तर केसपेपरवर लायकेनिफिकेशन लिहिलेलं दिसेल. बुरशीचं नव्हे, खाजवण्याचं हे नाव आहे.

५. डॉक्टर "लाली आहे का" विचारतात. आमच्या सावळ्या अंगावर लाल दिसतच नाही. काय सांगू?

तुमचं बरोबर आहे. लालीची, एरिदिमाची, पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. सावळ्या त्वचेवर तीच सूज जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसते. आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद झालंय का, हाताच्या मागच्या बाजूने गरम लागतं का, ताणल्यासारखं चकाकतंय का, हे सांगा.

एक तपासणी मात्र प्रत्येक घराला यायला हवी. काचेचा पारदर्शक पेला डागावर दाबा आणि काचेतून पाहा. डाग फिका पडला तर रक्त वाहिन्यांतच आहे. तसाच दिसत राहिला तर रक्त कातडीत उतरलंय. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे पेटेकी, मोठे म्हणजे परप्युरा. ताप आहे आणि असे न दबणारे ठिपके उठलेत, तर डेंग्यूपासून मेंदूच्या आवरणाच्या संसर्गापर्यंत काहीही असू शकतं. रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठा. सावळ्या त्वचेवर तळवे, तळपाय आणि पापणीची आतली बाजू आधी पाहा. ठिपके तिथे लवकर दिसतात.

६. अंगावर गांधी उठतात. हे पित्तच ना?

बोलीत पित्त, केसपेपरवर अर्टिकेरिया. जठरातल्या आंबट पित्ताशी त्याचा संबंध नाही. कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि तिथे पाणी साचून गांध उठते. ओळख सोपी: एका गांधीभोवती पेनने रेघ काढा. ती २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता गेली आणि दुसरीकडे नवी उठली तर ते पित्त. तीच गांध दोन दिवस जागेवर राहिली, दुखली किंवा मागे निळसर डाग सोडून गेली, तर आजार वेगळा असू शकतो, दाखवायला या.

कोळंबी, खेकडा, तिसऱ्या खाल्ल्यावर तासाभरात गांधी उठत असतील तर ते लिहून ठेवा. ओठ-पापण्या सुजल्या, आवाज बसला, श्वास लागला, गरगरलं, तर कोकम सरबत करत बसू नका, गाडी काढा.

७. गजकर्ण, नायटा, खरूज, इसब यांत गोंधळ होतो. फरक सांगा ना.

गजकर्ण आणि नायटा ही एकाच आजाराची नावं समजा. त्वचेवरची बुरशी, केसपेपरवर टिनिया. चट्टा बांगडीसारखा, कडेला उंच, खवल्यांचा आणि खाजरा, मध्ये निवळलेला. टिनियापुढचा शब्द नुसती जागा सांगतो: कॉर्पोरिस म्हणजे अंगावर, क्रूरिस जांघेत, पेडिस पायाला, कॅपिटिस डोक्यात.

खरूज म्हणजे स्केबीज. ती डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक किड्याने होते. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, जांघ. रात्री अंथरुणात खाज वाढते आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. म्हणूनच औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं असतं. ज्याला खाज नाही त्यानेही. इथेच घरं चुकतात: "त्याला काही नाही" म्हणून एकजण सुटतो आणि महिन्याने सगळे परत येतात.

इसब म्हणजे एक्झिमा. हा जंतूंचा आजार नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कडा धूसर असतात, चट्टा कधी पाझरतो, कधी कोरडा जाड होतो. नाण्यासारखा गोल इसबही असतो आणि तो हमखास गजकर्ण समजला जातो. गोल दिसलं म्हणून बुरशी असं नसतं. शंका आली की आम्ही कडेची थोडी खरवड काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बुरशीचे धागे असतील तर दिसतात.

८. दुकानातून ट्यूब आणली, दोन दिवसांत बरं वाटलं, सोडली की दुप्पट झालं. असं का?

कारण त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड होतं. खोक्यावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही आहे का पाहा. बुरशीवर स्टेरॉइड लावलं की खाज आणि सूज दबते, बुरशी मात्र मोकाट पसरते. बांगडीसारखी कडा पुसली जाते आणि चट्टा ओळखूच येत नाही. या रूपाला टिनिया इन्कॉग्निटो, वेष पालटलेला नायटा म्हणतात. जांघेत महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते आणि तिथे पांढरट-जांभळे चरे पडतात. त्यांना स्ट्राय म्हणतात. ते पूर्ण जात नाहीत. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या जांघेत हे चरे पाहताना मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आले असते. स्टेरॉइड वाईट नाही. इसबाला तेच औषध. चुकतं ते आजार न पाहता लावण्यात.

९. पांढरा डाग म्हणजे कोडच का? आणि कोड व कुष्ठ एकच का?

दोन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे. या प्रश्नावर मी जास्त लिहिणार आहे, कारण शब्दाच्या या घोटाळ्याने लोकांची लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

घोटाळ्याचं मूळ जुनं आहे. आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द अठरा प्रकारच्या त्वचारोगांसाठी वापरला आहे. पांढऱ्या डागांना श्वित्र असं वेगळं नाव आहे. कुष्ठ या शब्दाचंच बोलीत कोढ, कोड झालं आणि मराठीत तो पांढऱ्या डागांना चिकटला. पुढे महारोगाला आदराचा शब्द म्हणून कुष्ठरोग रूढ झाला. असे दोन वेगळे आजार एका शब्दाची भावंडं होऊन बसले.

कोड म्हणजे व्हिटिलिगो. रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात. डाग दुधासारखा शुभ्र, कडा ठळक, स्पर्श शाबूत, कधी त्यावरचे केसही पांढरे. तो स्पर्शाने लागत नाही. मासे-दूध एकत्र खाल्ल्याने होतो, हेही खरं नाही.

कुष्ठरोग जिवाणूने होतो. नॉर्वेत आर्माउर हान्सेन यांनी १८७३ मध्ये तो जिवाणू शोधला. इथला डाग शुभ्र नसतो. फिकट किंवा तांबूस असतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. डागावर घाम येत नाही, लव गळते. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श करा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. एक आंबा बागायतदार काका तीन वर्षं दंडाच्या मागच्या बाजूवरच्या डागाला शिबं म्हणत होते. तपासताना मी पाहिलं, डागाच्या मध्यावर विडीच्या चटक्याची गोल खूण. "हे कधी भाजलं?" काकांना ठाऊकच नव्हतं. त्या एका खुणेने निदान झालं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. डाग पाचपर्यंत असतील तर साधारण ६ महिने, त्याहून जास्त असतील तर १२ महिने, आणि औषध सुरू झाल्यावर तो इतरांना लागण्याची भीती लवकरच संपते.

शिबं हा तिसरा प्रकार. घामाच्या दिवसांत छाती-पाठ-खांद्यावर फिकट किंवा तपकिरी ठिपके, नखाने खरवडलं की बारीक कोंडा सुटतो. त्वचेवर एरवीही राहणाऱ्या यीस्ट नावाच्या बुरशीमुळे होतं. बुरशी मेल्यावरही रंग भरायला काही महिने लागतात, म्हणून "औषध लागू पडलं नाही" असं ठरवू नका.

आणि मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे, धूसर कडांचे डाग? त्यांना घरोघरी जंतांचे डाग म्हणतात. ते पिटिरियासिस आल्बा, सौम्य इसब. जंतांचं औषध द्यायचं तर द्या, या डागांसाठी नको.

१०. नागीणीचा विळखा पूर्ण झाला तर माणूस दगावतो का?

नाही. नागीण, हर्पिस झोस्टर, हा जुन्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून असतो आणि जागा झाला की त्या एका तंतूच्या पट्ट्यात पाण्याच्या फोडांचे झुपके उठतात. तो पट्टा मधल्या रेषेपाशी थांबतो, म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही. फोडांच्या आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला आग किंवा कळ येते. छातीत आली तर हृदयविकार वाटतो.

मंत्र घालणाऱ्याकडे गेलात तरी माझं भांडण नाही, पण आधी गोळ्या सुरू करा. पहिल्या ७२ तासांत त्या सुरू झाल्या तर उपयोग जास्त. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळे दाखवा.

११. आंबा खाल्ला की ओठांभोवती चट्टे उठतात. आंबा उष्ण पडतो म्हणून का?

उष्णता नव्हे, चीक. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातली झाडं आहेत आणि तिघांच्या चिकात, तेलात कातडीला झोंबणारी, ॲलर्जी आणणारी जवळजवळ सारखी रसायनं असतात. देठ तोडताच पहिल्या काही क्षणांत जो चीक उडतो तो सर्वांत जहाल. म्हणून बागेतली माणसं देठासकट आंबा उतरवतात. फळावर डाग पडू नये हा हेतू, पण हातही वाचतात. ओठांना त्रास देतो तो बहुतेक वेळा सालीवर सुकलेला चीक. आंबा धुवून, देठाकडचा भाग कापून, दुसऱ्या कुणी साल काढून फोडी दिल्या, तर अनेकांना काही होत नाही. गर खाऊनही उठत असेल तर मात्र थांबा.

केसपेपरवर याला कॉन्टॅक्ट डर्माटायटिस म्हणतात. यात दोन प्रकार आहेत. ॲलर्जीचा, जो आधी कधीतरी ओळख झालेल्या कातडीवर साधारण दोन दिवसांत उठतो, आणि थेट भाजण्याचा, जो कुणालाही होतो. काजूच्या टरफलाचं तेल दोन्ही करतं. फेब्रुवारी-मार्चात ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात पाहा: अंगठा आणि पहिल्या बोटाची टोकं काळी, कातडी सालपटासारखी सुटलेली, नखांच्या कडेला भेगा. त्या खोबरेल आणि राख लावून बसतात. तेल लावलेला हात वारंवार पुसून पुन्हा लावला तर आडोसा मिळतो, हातमोजे मिळाले तर उत्तमच. एकीने मला हात पुढे करून सांगितलं होतं, "माका सवय झाली." सवय झालेली नव्हती, रात्री खाजेने झोप लागत नव्हती.

बिब्ब्याचं तर आपण म्हणतोच, बिब्बा उतला. सांधेदुखीवर बिब्बा लावून आलेले फोड अजून येतात. असे फोड अनेकदा सरळ रेषेत, ओघळासारखे असतात. बाहेरून काही लागल्याचा हा पुरावा आहे, म्हणून रेष, कडा, आकार सांगायला विसरू नका.

१२. रात्री किडा मुतला आणि सकाळी चटका बसल्यासारखा पट्टा आला. हे काय?

पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे येणारा बारीक, लांबट, काळा-केशरी भुंगा, रोव्ह बीटल. तो चावत नाही आणि मुततही नाही. झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीवर पसरतं. एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा लांबट चट्टा येतो. कोपराच्या घडीत असेल तर घडी मिटल्यावर समोरच्या बाजूलाही तसाच छापा. लोक नागीण समजतात; पण इथे आधीची कळ नाही आणि एका तंतूचा पट्टाही नाही (प्रश्न १०). किडा अंगावर दिसला तर फुंकून उडवा, जागा साबणाने धुवा.

१३. भातलावणीत चिखल्या होतात. त्याला काही वैद्यकीय नाव आहे का?

भिजून पांढरी, मऊ, सुरकुतलेली कातडी म्हणजे मॅसरेशन. बेचकीतल्या जखमेला इंटरट्रायगो म्हणतात. चिखल्यांत बुरशी, यीस्ट आणि जिवाणू बरेचदा एकत्र असतात. तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि उग्र वास असेल तर तो वेगळा प्रकार, पिटेड केराटोलायसिस, आणि त्याला बुरशीचं नव्हे, जिवाणूंचं मलम लागतं.

चिखल्या किरकोळ समजू नका. त्या भेगांतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे, जंतू शिरतात, आणि मधुमेह असेल तर पोटरीपर्यंत लाल, गरम सूज चढते, म्हणजे सेल्युलायटिस. शेतातून आल्यावर पाय धुवून बेचक्या कापडाने टिपून कोरड्या करणं हे निम्मं औषध.

१४. केस गळतात. हे नुसतं सांगितलं तर पुरतं का?

नाही. मुळापासून गळतात, मध्येच तुटतात, की विरळ होतात? डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं नेहमीचं. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळून हातात येतात, ते टेलोजेन एफ्लुव्हियम. बहुधा आपोआप थांबतं. म्हणून आम्ही "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" विचारतो. पाण्याला किंवा शाम्पूला दोष देण्याआधी ते आठवा.

चाई म्हणजे ॲलोपेशिया एरिॲटा. नाण्याएवढी गुळगुळीत जागा, कोंडा नाही, कडेला मुळाशी बारीक होणारे उद्गारचिन्हासारखे केस. किडा केस खातो हा समज चुकीचा आहे. शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा केसाच्या मुळावर उलटते. मुलांच्या डोक्यातले खवडे वेगळे: तिथे खवले, तुटके केस, कधी पू. ती बुरशी असू शकते, आणि केसांतल्या बुरशीला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

टक्कल पडलेल्या जागी केसांची छिद्रं दिसतात का, हे उजेडात पाहा. छिद्रंच बुजली असतील तर तो वणाचा प्रकार आहे आणि तिथे उशीर परवडत नाही.

१५. नखांत नेमकं काय पाहायचं?

आकार, रंग, पृष्ठभाग, आणि नख गादीला चिकटलंय का. चमच्यासारखं खोलगट म्हणजे कॉइलोनिकिया, बहुधा लोह कमी. शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे सोरायसिसमध्ये दिसतात. पुढून सुटलेलं नख म्हणजे ओनिकोलायसिस. मुलांच्या नखांवरचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा ठेच लागल्याचे असतात, कॅल्शियमचे नव्हेत. पोपटाच्या चोचीसारखं गोलाकार वळलेलं, फुगीर टोकाचं नख म्हणजे क्लबिंग: दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरा, मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसायला हवी. ती नसेल तर छातीचा फोटो काढायला सांगतील, कारण हे चिन्ह फुप्फुस आणि हृदयाकडे बोट दाखवतं.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. सगळ्या नखांवर आडवी खाच एकाच उंचीवर असेल, तर मुळापासून किती दूर आहे ते मोजा. ६ मिलिमीटर म्हणजे साधारण दोन महिन्यांपूर्वी मोठा ताप किंवा आजारपण. या खाचांना बो यांच्या रेषा म्हणतात.

१६. मासे साफ करून करून नखाच्या कडा सुजल्या आहेत. नखुरडं आहे का?

अचानक सुजून ठणकत असेल आणि पू असेल तर तेच नखुरडं, ॲक्यूट पॅरोनिकिया. पण महिनोन्‌महिने कडा फुगलेली, नखावरची पातळ कातडी नाहीशी झालेली आणि अधूनमधून दुखणारी, तर ते जुनाट रूप. सतत ओल्या हातांचं. तिथे अँटिबायोटिकचे कोर्स वाया जातात, हात कोरडे राहिल्याशिवाय सुटका नाही.

माशाचा काटा टोचून दोन-तीन दिवसांत बोटावर जांभळट, ठसठसणारी, हळूहळू सरकणारी सूज आली तर "काटा टोचला होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. एरिसिपेलॉइड नावाचा तो संसर्ग साध्या पेनिसिलिननेही आटोक्यात येतो, फक्त सुचायला हवा.

१७. केसपेपरवर "व्हल्गारिस", "इडिओपॅथिक" असं लिहिलंय. गंभीर आहे का?

व्हल्गारिस म्हणजे सर्वसाधारण, नेहमीचा प्रकार: ॲक्ने व्हल्गारिस म्हणजे आपली तारुण्यपीटिका. इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलेलं नाही. आयटिस म्हणजे दाह, ओसिस म्हणजे एखादी स्थिती. ट्रायको आलं की केस, ओनिको आलं की नख. बिनाइन म्हणजे कर्करोग नाही. तेवढा एक शब्द लक्षात ठेवलात तरी अनेक रात्री नीट झोप लागेल.

१८. फोटो कसा काढू?

खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. एक लांबून, जागा कळेल असा. एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. तेल, पावडर, हळद आधी पुसून. आणि फोटो पाठवला तरी प्रश्न १ मधली माहिती लिहाच. खाज आणि बधिरपणा फोटोत येत नाही.

१९. तीळ, मस, चामखीळ यांत काळजीचं काय?

चामखीळ विषाणूने येते, खडबडीत असते, मुलांच्या हातांवर पसरते. मानेवर लोंबणारे मऊ बोंड लोक चामखीळच म्हणतात, पण ते निराळं आणि निरुपद्रवी. जन्मापासून असलेला तीळ सहसा निवांत असतो. आमच्याकडच्या लोकांत मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, कमी दिसतो, आणि दिसतो तेव्हा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असण्याची शक्यता जास्त. म्हणजे नेमकं जिथे कुणी पाहत नाही. एकाच नखावर नवी काळी उभी रेघ, जी रुंद होतेय किंवा रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरलाय, ती दाखवा. तळपायावरचा काळा डाग काटा बोचल्याचा असेल तर वाढत्या कातडीबरोबर वर सरकतो आणि निघून जातो. दोन महिन्यांत जागचा हलला नाही, पसरला, तर थांबू नका.

२०. एकाच चट्ट्याला दोन डॉक्टरांनी दोन नावं दिली. कुणाचं खरं?

कदाचित दोघांचं. एक रूप सांगत असेल, दुसरा कारण: "डर्माटायटिस" आणि "चिकाची ॲलर्जी" ही एकाच चट्ट्याची दोन नावं. किंवा दोघांनी तो वेगळ्या दिवशी पाहिला असेल. फोडाची खपली झाली, खपलीचा डाग झाला, की नाव बदलतंच. पहिल्या दिवशीचा फोटो जपून ठेवला असेल तर तो दाखवा. ट्यूब लावून रूप बदललं असेल (प्रश्न ८) तर तेही सांगा; अशा वेळी आम्ही दोन आठवडे सगळं बंद करून पुन्हा पाहतो. तरीही मतं जुळली नाहीत तर बायोप्सी सुचवतील: सुन्न करून काढलेला डाळीएवढा तुकडा, एखादा टाका. "तुकडा काढला की पसरतं" ही भीती मनातून काढून टाका. आणि तुकडा काढण्याआधी चट्ट्याचा फोटो, जागा आणि रूप कागदावर लिहून घ्यायला सांगा. तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसमोर नुसता तुकडा असतो, तो कुठून आणि कसा दिसत होता हे त्याला तुमच्या त्या दोन ओळींतूनच कळतं.